राखणदार पळून का जात नाही?

भयपट पाहताना प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतोच असा एक प्रश्न असतो: ही माणसं ते घर सोडून जात का नाहीत? दारं आपोआप लागतात, नळातून लाल पाणी येतं, पोरगी भिंतीकडे बघून बोलते, आणि तरी मंडळी तिथेच मुक्काम ठोकून. मग लेखक-दिग्दर्शकाला कारणं जुळवावी लागतात. पूल वाहून गेला, गाडी बंद पडली, आयुष्याची पुंजी त्या घरात अडकली. या सगळ्या खटाटोपातून एकाच पात्राची सुटका होते, ते म्हणजे रात्रपाळीचा पहारेकरी. त्याने तिथे का थांबावं हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. तो पगारासाठी थांबलेला असतो, आणि पगाराची गरज सगळ्यांना कळते.

जगभरच्या भयपटांनी या सोयीचा भरपूर वापर केला आहे. १९९४ सालच्या ‘नाटेवाग्टेन’ या डॅनिश चित्रपटात एक विद्यार्थी शवागारात रात्रीचा पहारा करतो. २००३ च्या ‘इन्टू द मिरर’ या कोरियन चित्रपटात आणि त्यावरून बेतलेल्या ‘मिरर्स’ (२००८) या हॉलिवूडपटात आग लागून गेलेल्या डिपार्टमेंट स्टोअरची राखण एका माजी पोलिसाकडे येते. ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ (२०२३) मधला तरुण धाकट्या बहिणीचा ताबा हातचा जाऊ नये म्हणून बंद पडलेल्या पिझ्झाघरात रात्री बसतो. देश वेगळे, भुतं वेगळी, पण पहारेकऱ्याची परिस्थिती बहुतेक वेळा सारखीच: दुसरी नोकरी मिळत नाही म्हणून ही धरलेली.

मी इतिहासाची अभ्यासक आहे आणि सध्या संयुक्त अरब अमिरातीत पोस्टडॉक करते. इथे आल्यापासून या पात्राकडे मी चित्रपटाबाहेरही पाहू लागले. जे घर इतरांनी सोडलं आहे त्या घरात कोणाला तरी बसवून ठेवायचं, आणि ज्याला जाता येत नाही अशालाच बसवायचं, या व्यवस्थेला इतिहास आहे. अमिरातीच्या किनाऱ्यावर तो किमान दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यात मुंबई आणि कोकण बऱ्यापैकी आहेत.

लाल बेटावरचा जिन्न

अमिरातीतला सर्वात गाजलेला भयपट म्हणजे ‘जिन्न’. ‘इमेज नेशन अबू धाबी’ या संस्थेने तो काढला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये अबू धाबी चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक होते टोबी हूपर. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ (१९७४) आणि ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) वाले. हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला, २०१७ मध्ये ते गेले. कथा अशी: तान्ह्या बाळाच्या मृत्यूनंतर एक अमिराती जोडपं न्यूयॉर्कहून मायदेशी परततं आणि एका नव्याकोऱ्या आलिशान टॉवरमध्ये राहायला जातं. तो टॉवर कोळ्यांच्या एका ओसाड गावाच्या जागेवर उभा आहे. ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये नव्या वसाहतीखाली कबरस्तान होतं, इथे गाव आहे. हूपरना हा विषय का भावला असेल हे कळायला फार डोकं लावावं लागत नाही.

ते गाव काल्पनिक नाही. रास अल खैमा शहराच्या नैर्ऋत्येला साधारण २० किलोमीटरवर ‘जझीरत अल हमरा’ आहे. नावाचा अर्थ लाल बेट. ‘जझीरा’ म्हणजे बेट हा शब्द मराठी माणसाला अजिबात परका नाही, मुरुडचा जंजिरा त्याच शब्दातून आला. प्रवाळाच्या दगडांची घरं, वारा खाली खेचून घेणारा मनोरा, बुटक्या मिनाराची मशीद, आणि सगळीकडे वाळू. आखाती मोत्यांच्या व्यापारावर जगलेलं हे गाव आज त्या काळातलं जवळजवळ अखंड उरलेलं एकमेव म्हणावं असं आहे. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव आहे. शेजारीच गोल्फचं मैदान, हॉटेलं आणि मॉल असलेली नवी ‘अल हमरा’ वसाहत आहे. म्हणजे हूपरच्या टॉवरला फार कल्पनाशक्ती लागली नाही.

दुबईत किंवा शारजात वाढलेल्या आपल्या मुलांना विचारलंत तर हे गाव ‘हाँटेड’ म्हणूनच माहीत असतं. रात्री गाडी काढून तिथे जायचं, मोबाइलच्या उजेडात पडक्या घरांत डोकवायचं आणि घाबरून परत यायचं, हा पोरांचा ठरलेला कार्यक्रम. रास अल खैमातच टेकडीवर १९८५ मध्ये बांधलेला आणि नंतर वर्षानुवर्षं रिकामा राहिलेला एक राजवाडा आहे. खिडकीत लहान मुलांचे चेहरे दिसतात अशी त्याचीही ख्याती. आता तो तिकीट लावून दाखवतात.

पण जझीरत अल हमरा ओसाड झालं ते जिन्नांमुळे नाही. तिथले झआब टोळीचे लोक उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचे. बुडी मारणारा गडी नाखुद्याकडून, म्हणजे नावेच्या तांडेलाकडून, हंगामाआधी उचल घ्यायचा. हंगाम वाईट गेला की कर्ज पुढच्या वर्षावर, आणि कधी कधी बापाचं मुलावर. या काठावरचा मोती मुख्यतः मुंबईला यायचा. तिथे त्याला वीण पडायचं, प्रतवारी व्हायची आणि मग तो पॅरिस-लंडनला जायचा. १९२९ ची जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती या दोन तडाख्यांत हा धंदा बसला. गाव हळूहळू खंगलं. पुढे रास अल खैमाच्या राज्यकर्त्याशी वाद झाला आणि १९६८ च्या सुमारास शेख झायद यांच्या बोलावण्यावरून झआब कुटुंबं अबू धाबीला निघून गेली. अबू धाबी शहरात त्यांच्या नावाचा भाग अजून आहे.

म्हणजे या गावातली माणसं मेली नाहीत, ती गेली. त्यांना जाण्यासाठी जागा होती आणि बोलावणारा शेख होता. ओसाड घरांमागचं कर्ज, मंदी आणि राजकारण विसरलं गेलं, आणि मोकळ्या जागेत जिन्न राहायला आले. भुताच्या गोष्टी पुष्कळदा अशाच उगवतात. खरं कारण सांगणारं कोणी उरलं नाही की लोक दुसरं कारण शोधतात.

मुंबईहून आलेले पहारेकरी

आता थोडं मागे जाऊ. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला आणि पेशवाई संपली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, नोव्हेंबर १८१९ मध्ये, मुंबईहून एक मोठं आरमार रास अल खैमाकडे निघालं. सेनापती होते सर विल्यम ग्रँट कीर. कारण सांगितलं गेलं ते अल कासिमींच्या ‘चाचेगिरी’चं. हे कारण कितपत खरं, यावर शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी स्वतः प्रबंध लिहिला आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. चाचेगिरी हे निमित्त होतं, कंपनीला व्यापार हवा होता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो मांडताना त्यांनी मुंबईच्या अभिलेखागारातली कागदपत्रं तपासली.

९ डिसेंबर १८१९ रोजी रास अल खैमा पडलं. जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांनी एकामागून एक तहावर सह्या केल्या. त्यात जझीरत अल हमराचा शेखही होता. फौज परतली, पण सगळी नाही. मुंबई इलाख्याच्या देशी पायदळातले सुमारे आठशे शिपाई आणि काही तोफा पडक्या रास अल खैमात ठेवून दिल्या. अरबी जाणणारा कॅप्टन पेरोने थॉम्पसन त्यांचा प्रमुख.

मुंबईच्या देशी पायदळात त्या काळी कोकणातून मोठी भरती होत असे. त्यात मराठे होते, महार होते, मुसलमान होते. म्हणजे १८२० च्या त्या वसंतात रास अल खैमाच्या उद्ध्वस्त बुरुजांवर रात्री उभ्या असलेल्या माणसांत मराठी बोलणारेही असणार. गावकरी पळून गेलेलं, जाळपोळ झालेलं ओसाड शहर, समोर समुद्र, पाठीमागे डोंगर, आणि राखायला काय, तर दुसऱ्यांची सोडलेली घरं. जुलैत त्या भिंतीही पाडून टाकल्या आणि ठाणं पलीकडच्या किश्म बेटावर हलवलं. तिथून नोव्हेंबर १८२० मध्ये थॉम्पसन त्यातल्या बऱ्याच जणांना घेऊन ओमानमध्ये बनी बू अली टोळीवर चालून गेला. मोहीम फसली आणि शेकडो शिपाई वाळूत मारले गेले. थॉम्पसन वाचला, इंग्लंडला परतला, पुढे पार्लमेंटात निवडून गेला. त्याची पत्रं आहेत, चरित्र आहे.

शिपायांपैकी एकाचं पत्र नाही. त्यांना त्या किनाऱ्यावर रात्री काय दिसलं, कशाची भीती वाटली, त्यांनी एकमेकांना कोणत्या गोष्टी सांगितल्या, हे आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. दप्तरात आकडा आहे, माणूस नाही. आखाती मराठी माणसाचा इतिहास आपण सहसा १९७० नंतरच्या तेलाच्या भरभराटीपासून, इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींपासून सुरू करतो. तो १८२० च्या पहाऱ्यापासून सुरू केला तर त्याचा चेहरा पुष्कळ बदलेल.

भूतच जेव्हा पहारा करतं

या शिपायांनी घरून कोणती भुतं बरोबर आणली असतील, याचा मात्र अंदाज करता येतो. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात आणि गोव्यात, रात्रीचा पहारेकरी हा माणूस नसतोच. तो राखणदार असतो, कुठे त्याला देवचार म्हणतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा. तिन्हीसांजा झाल्या की तो गावाची सीम फिरायला निघतो. वाट चुकलेल्याला घरी सोडतो, आगळीक करणाऱ्याला अद्दल घडवतो. त्याला रोट द्यायचा, विडी ठेवायची. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, त्या याच समजुतीने. देव रात्रभर गावात फिरतो, मग त्याच्या वहाणा झिजणारच.

ही कल्पना किती वेगळी आहे ते पाहा. शहरी भयपटात पहारेकऱ्याला भूत दिसतं. कोकणात भूतच पहारेकरी आहे, आणि त्याच्या झिजलेल्या वहाणांची जबाबदारी गावावर आहे. जो आपल्यासाठी रात्रभर जागतो त्याला काहीतरी देणं लागतो, एवढी जाणीव त्या प्रथेत आहे.

पण हाडामांसाच्या पहारेकऱ्याला आपल्या समाजाने ही वागणूक दिली का? देशावरच्या गावगाड्यात रात्री वेस सांभाळायचा तो महार समाजातला वेसकर. पाहुणा कोण आला, गुरं कोणाची गेली, चोर कुठून शिरला, सगळ्याची जबाबदारी त्याची. कुठे हे काम रामोश्यांकडे. पुरंदरासारख्या किल्ल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या रामोश्यांचे हक्क इंग्रजांनी काढून घेतले आणि त्यातून उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. १८३२ मध्ये उमाजींना पुण्यात फाशी दिलं. वेसकराला बदल्यात मिळायचं ते वतन, म्हणजे जमिनीचा तुकडा आणि घरोघरीची बलुत्याची भाकर. त्यापायी सबंध घराणं चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या दावणीला. हे वतन म्हणजे मिळकत नसून बेडी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणून मांडलं. कनिष्ठ गावकी वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. जन्माने चिकटलेली राखण सोडता येत नव्हती, म्हणून तर शहराकडे आणि पलटणीकडे एवढी माणसं गेली.

आखाताच्या बाजूलाही असाच जोड सापडतो. मोत्यांच्या नावांवर ‘बू दर्या’ नावाच्या समुद्री जिन्नाची दहशत असे. रात्रीच्या नमाजापासून पहाटेच्या नमाजापर्यंत तो बुडणाऱ्या माणसासारखा टाहो फोडतो आणि दया येऊन वर घेतलं की नावेचा घात करतो, अशी समजूत. म्हणून रात्री कोणीतरी जागं राहायचं. दिवसभर पाण्याखाली श्वास कोंडून धरलेल्या, कर्जात रुतलेल्या गड्यांपैकीच कोणीतरी. तो नाव सोडून जाणार कुठे? चहूकडे समुद्र आणि काठावर सावकार.

नातूर

अमिरातीत इमारतीच्या वॉचमनला ‘नातूर’ म्हणतात हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पार्किंगपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळ्याला नातूरच लागतो. शब्द जुना आहे, मुळात पिकाची, द्राक्षमळ्याची राखण करणारा तो नातूर. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखण्या, तसाच. शेत गेलं, बुरुज खलिफा आला, शब्द राहिला.

नातूर इमारतीतच राहतो. त्याच्या पलीकडे गणवेशातला सिक्युरिटी गार्ड असतो, तो कंपनीचा. २००६ च्या संघीय कायद्याने या कंपन्यांचं नियमन होतं. दुबईत ‘सिरा’ ही स्वतंत्र यंत्रणा आहे, तिच्या प्रशिक्षणाशिवाय आणि परवान्याशिवाय गार्डला उभं राहता येत नाही. कागदावर सगळं चोख आहे. २०२२ मध्ये लागू झालेल्या कामगार कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये, भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करू नये, असंही त्यात आहे. रात्री १० ते पहाटे ४ या वेळात जादा काम केलं तर किमान ५० टक्के वाढीव मोबदला द्यावा, हीही तरतूद आहे. मात्र पाळीने काम करणाऱ्यांना ही शेवटची तरतूद लागू नाही. आणि पहारेकरी पाळीनेच काम करतो. इतिहासाच्या माणसाला अशी ओळ दिसली की थांबावंसं वाटतं. रात्र महाग आहे हे कायद्याला मान्य आहे. फक्त ज्याचं सगळं कामच रात्रीचं आहे, त्याची रात्र त्या हिशोबात धरलेली नाही.

भरतीचा खर्च घेऊ नये हा नियम इथला, एजंट मात्र गावाकडचा. त्याला दिलेले पैसे कर्जाऊ काढलेले असतात. बुडी मारणाऱ्या गड्याची उचल आणि गार्डचं हे कर्ज यांत शंभर वर्षांचं अंतर आहे, पण काम दोन्हींनी एकच केलं: माणसाला जागेवर बसवलं.

२००९ च्या नोव्हेंबरात ‘दुबई वर्ल्ड’ने कर्जफेड पुढे ढकलायची विनंती केली, त्याच्या आगेमागे कितीतरी टॉवर अर्धवट राहिले. कामगार परत पाठवले, इंजिनिअर गाड्या विमानतळावर सोडून गेल्याच्या कहाण्या तेव्हा सगळीकडे होत्या. मागे राहिले ते पहारेकरी. दोनेक वर्षांपूर्वी माझी गाठ अशा एका माणसाशी पडली. मूळचे दापोली तालुक्यातले, आमच्या भागातल्या एका इमारतीत कामाला. मराठी ऐकून त्यांनीच विचारलं, ‘गाव कुठलं तुमचं?’ मी त्यांना चाचा म्हणते. त्या मंदीत त्यांनी एका अर्धवट टॉवरची रात्रपाळी केली होती. मी इतिहासवाली आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं मी राजांविषयी विचारणार. मी भुतांविषयी विचारलं.

‘भुतं होती की,’ चाचा म्हणाले. ‘चौदाव्यावर बाई होती, पांढऱ्या कपड्यांतली. एकविसाव्यावर पोर रडायचं.’

‘तुम्ही पाहिलंत?’

‘मला कशाला बघायला लागतंय? मला आधीच्याने सांगितलं, मी पुढच्याला सांगितलं. चार्ज देताना चाव्या, टॉर्च, वॉकीटॉकी, आणि ही बाई.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘चौदाव्यावर लिफ्टचा खड्डा उघडा होता. कठडा नव्हता. नवीन पोरगा येतो, जोशात असतो, त्याला खड्डा आहे म्हटलं तर तो बघायला जातो. बाई आहे म्हटलं तर जात नाही.’

एकविसाव्यावरचं पोर म्हणजे वाऱ्याने वाजणारा पाइप होता. तो कशाने वाजतो हे कळेपर्यंत एक नेपाळी मुलगा नोकरी सोडायच्या बेतात होता. चाचांनी त्याला दिवसा वर नेऊन दाखवलं. पण कंपनीला त्या कठड्याविषयी कोणी कळवलं नव्हतं का? कळवलं होतं, वहीत तीनदा लिहिलं होतं. मालक कोण हेच ठरत नव्हतं, तर कठडा कोण बांधणार?

‘आणि भीती?’ मी विचारलं.

‘झोपेची,’ ते म्हणाले. ‘दर तासाला प्रत्येक मजल्यावरच्या बटणाला ते यंत्र टेकवायचं. एक बटण चुकलं की पगार कापणार. जिन्न काय, पगार कापत नाही.’

हे संभाषण मी तेव्हाच टिपून ठेवलं. भयपटात पहारेकऱ्याची भूतकथा ही प्रेक्षकाला घाबरवायची सामग्री असते. चाचांच्या तोंडी ती कामाची माहिती होती, कठडा नसलेल्या ठिकाणी बांधलेला कठडा. ज्यांची तक्रार वहीबाहेर जात नाही अशा माणसांनी एकमेकांना सांभाळण्यासाठी केलेली ती व्यवस्था होती. हे एकदा ध्यानात आलं की ‘अमुक बिल्डिंग झपाटलेली आहे म्हणे’ ही गप्पा आपल्याला वेगळी ऐकू येते. तिथे खरं काय मोडकं आहे, असा प्रश्न पडतो.

माळ्याची मुलगी

आपल्या चित्रपटांनी पहारेकऱ्याला काय दिलं? रामसे बंधूंच्या हवेल्यांत कंदील धरून उभा राहणारा म्हातारा रखवालदार आपल्या सगळ्यांना आठवतो. राम गोपाल वर्माच्या ‘भूत’मध्ये (२००३) मुंबईतल्या टॉवरचा वॉचमन बळी जातो, आणि पुढे कळतं की मूळ गुन्ह्यात त्याचाही हात होता. म्हणजे सांगणारा, मरणारा किंवा गुन्हेगार. या तिन्हींपलीकडे त्याला फारसा वाव नाही. योगायोग असा की खऱ्या मुंबईत याच वॉचमन लोकांसाठी १९८१ मध्येच महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांच्या रोजगाराचा आणि कल्याणाचा कायदा करून मंडळ नेमलं होतं. पडद्यावर ते कधी दिसलं नाही.

एक अपवाद फार जुना आहे. बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’मध्ये (१९४९) नव्या मालकाला रिकाम्या हवेलीची शोकांतिका सांगतो तो तिथला म्हातारा माळी. मालक, म्हणजे अशोक कुमार, रात्री दिसणाऱ्या बाईच्या नादाने वेडापिसा होतो. ती गेल्या जन्मीची प्रेयसी आहे असं त्याला वाटतं. शेवटी उलगडतं ते असं की ती भूत नाही, माळ्याची मुलगी आहे. मधुबालाच्या सौंदर्याने आणि त्या गाण्याने आपण इतके भारावतो की या उलगड्याचा अर्थ निसटतो. ती मुलगी त्या हवेलीतच राहत होती. बापाच्या गोष्टी ऐकत वाढली होती. माळ्याची मुलगी म्हणून मालकाने तिच्याकडे वळून पाहिलं नसतं, भूत म्हणून तो तिच्यामागे धावला.

‘जिन्न’ पाहताना मला हेच राहून राहून वाटत होतं. टॉवरखाली गाडलेलं गाव दिग्दर्शकाला दिसलं, टॉवरमधलं दुःखी जोडपं दिसलं. त्या मधल्या जागेत, लॉबीत, तळघरात, रात्री बाराला उभी असलेली माणसं त्या कथेचा विषय झाली नाहीत. अमिरातीत कोणी रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांवर भयपट काढलाच तर त्याला जिन्न कुठून आणायचा याची चिंता करावी लागणार नाही. एक उघडा खड्डा, एक वही आणि दर तासाला टेकवायचं यंत्र, एवढं पुरे आहे.

पण चित्रपटाची वाट पाहण्याचं आपल्याला कारण नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका मी आवडीने वाचते. त्यांत पहिल्या पिढीच्या डॉक्टरांच्या, व्यावसायिकांच्या आठवणी असतात आणि त्या असायलाच हव्यात. रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांतून आखातात आलेले, आपल्याच इमारतीच्या दारात आपल्याशी मराठीत बोलणारे चाचा, मामा, दादा त्यांत क्वचितच दिसतात. त्यांच्याकडे मंदीच्या वर्षांतल्या रिकाम्या टॉवरांचा इतिहास आहे. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि मॉल बंद असताना आत कोण होतं, तेही त्यांनाच ठाऊक. त्यांचे व्हिसा संपले की तो त्यांच्याबरोबर परत जाईल. १८२० च्या आठशे शिपायांबाबत आता काही करता येणार नाही. यांच्याबाबत येतं. फोनमध्ये रेकॉर्डर असतो, आणि रात्री दीडला ड्यूटीवर असलेल्या माणसाला बहुधा बोलायला वेळ असतो. अट एकच, त्याच्या नोकरीला धक्का लागेल असं नाव-गाव छापायचं नाही.

चाचा पुढच्या वर्षी कायमचे दापोलीला जायचं म्हणतात. घराचा पहिला मजला चढवला आहे, जिना राहिला आहे. जिन्याला कठडा आधी लावून घेणार, असं त्यांनी आपण होऊनच सांगितलं.